मंगळवारची रिकामी खोली : नाशिकमध्ये हॉटेल मार्केटिंग शिकवायला नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात नव्याने लागलेल्या माणसाच्या वाट्याला मार्केटिंगचा पेपर बहुतेक वेळा उरलेला विषय म्हणूनच येतो. किचन, बेकरी, सर्व्हिस जुन्या मंडळींनी आधीच धरलेलं असतं. वर्गातली पोरंही शेफ कोट डोळ्यांसमोर ठेवून आलेली. मार्केटिंग म्हणजे पाठांतर, हे त्यांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं असतं. ते मत पहिल्या दोन-तीन तासांत हललं नाही, तर पुढे सत्रभर वर्गात फक्त हजेरीपुरती माणसं बसतात.

अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाचा असो, नॅशनल कौन्सिलचा असो की मुक्त विद्यापीठाचा, प्रकरणांची नावं थोडी बदलतात, गाभा तोच राहतो. शिकवण्याचा क्रम मात्र पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर सोडू नका.

पहिला तास : व्याख्या नंतर

फळ्यावर एवढंच लिहा. खोल्या ४०. शुक्रवार-शनिवार रोज विकल्या ३६, दर ४,८०० रुपये. बाकीचे पाच दिवस रोज विकल्या २०, दर २,८०० रुपये. मग विचारा: मंगळवारी रात्री रिकाम्या राहिलेल्या २० खोल्यांचं बुधवारी सकाळी काय करता येईल?

निफाड-दिंडोरीकडचा विद्यार्थी याचं उत्तर लवकर देतो. कांद्याचा भाव पडला तर कांदा चाळीत ठेवता येतो. द्राक्ष शीतगृहात थोडे दिवस थांबतं. खोलीची रात्र मात्र गेली की गेली. सेवेची नाशवंतता ही संकल्पना इथे दहा मिनिटांत कळते आणि पुन्हा शिकवावी लागत नाही. सेवेची बाकीची तीन वैशिष्ट्यं (अमूर्तता, उत्पादन आणि उपभोग एकाच वेळी होणं, दर वेळी दर्जा बदलणं) कॉलेजच्याच ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये दाखवा. एकच डाळ तडका दोन विद्यार्थ्यांना दोन टेबलांवर वाढायला सांगा आणि पाहुण्यांना गुण द्यायला लावा. डाळ एकाच भांड्यातली असते, गुण वेगळे येतात. का वेगळे आले, यावर अर्धा तास सहज जातो.

सेव्हन पी आता काढा. मॅकार्थीच्या चार पींमध्ये (वस्तू, किंमत, ठिकाण, प्रसिद्धी) बूम्स आणि बिटनर यांनी १९८१ साली माणसं, प्रक्रिया आणि भौतिक पुरावा हे तीन जोडले, एवढा इतिहास पुरतो. त्यावर चार तास घालवणं म्हणजे वेळ फुकट.

भाषेबद्दल एक गोष्ट. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो आणि बऱ्याच मुलांचं शालेय शिक्षण मराठीत झालेलं असतं. समजावताना मराठी वापरा, पण संज्ञा बदलू नका. ऑक्युपन्सी (उपलब्ध खोल्यांपैकी विकल्या गेलेल्यांचा टक्का) ही ऑक्युपन्सीच राहू द्या. ‘निवासव्याप्ती’ हॉटेलात कुणी म्हणत नाही. वहीच्या मागे दोन रकाने आखायला लावा, डावीकडे संज्ञा, उजवीकडे स्वतःच्या शब्दांत एक ओळ. उत्तरपत्रिका सुधारते ती या रकान्यांनी. नोट्स उतरवून घेतल्याने नव्हे.

दुसरी पायरी : नाशिकचं गिऱ्हाईक सुटं करा

सेगमेंटेशन, म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडणं, शिकवताना पुस्तकं वय, उत्पन्न, लिंग यापासून सुरू करतात. हॉटेलसाठी ते उपयोगाचं नाही. माणूस का आला आणि कोणत्या वारी आला, हे आधी विचारायचं. नाशिक या बाबतीत शिक्षकाला फार सोपं करून देतं, कारण इथे हे गट एकमेकांपासून ठळक वेगळे आहेत.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत ऑडिटला, मशीन बसवायला, खरेदीला येणारा माणूस सोमवार ते गुरुवार राहतो. त्याला कंपनीच्या नावाचं जीएसटी बिल हवं, सकाळी साडेसातच्या आत नाश्ता हवा आणि चालणारं वायफाय हवं. स्विमिंग पूलशी त्याला देणंघेणं नाही.

मुंबई-पुण्याहून वायनरीसाठी येणारे शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि रविवारी दुपारी जातात. चढा दर तेच देतात, पण रिव्ह्यूही तेच लिहितात. शिर्डी आणि त्र्यंबक एकाच फेरीत उरकणारं कुटुंब रात्री उशिरा येतं, पहाटे पाचला निघतं आणि एका खोलीत जास्तीची गादी मागतं. इगतपुरीचा पाऊस जुलै ते सप्टेंबर वेगळीच गर्दी आणतो.

यात अभ्यासाला सगळ्यात मजेदार गट त्र्यंबकेश्वरचा. नारायण नागबळीचा विधी तीन दिवस चालतो आणि मुहूर्त आठवड्याच्या कोणत्याही वारी निघतो. म्हणजे हे कुटुंब मंगळवारीही खोली घेतं, तेही सलग. जेवणात कांदा-लसूण चालत नाही, पहाटे अंघोळीला गरम पाणी लागतंच. आणि कुठे राहायचं हे बऱ्याचदा यजमान ठरवत नाही, गुरुजी सांगतात. अनेक यजमान पिढीजात पुरोहितांच्या घरीच उतरतात. वितरण साखळी शिकवताना ट्रॅव्हल एजंट, टूर ऑपरेटर, ओटीए (ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्या साइट) अशी यादी देण्याआधी हे उदाहरण द्या. निर्णय घेणारा आणि पैसे देणारा वेगळा असू शकतो, हा मुद्दा इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे सापडत नाही.

सराव म्हणून प्रत्येक गटाला वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर द्या. लग्नाच्या तिथी, लांब वीकेंड, श्रावणी सोमवार, वणीची चैत्रयात्रा आणि नवरात्र, द्राक्षतोडणी, शाळांच्या सुट्ट्या, ड्राय डे, सगळं वेगवेगळ्या रंगांत भरायला लावा. पंचांग हेच इथलं डिमांड कॅलेंडर आहे. ‘आमचा टार्गेट ग्राहक म्हणजे सर्व कुटुंबं’ असं लिहिणारा गट हमखास असतो. त्याला फक्त विचारा, ही सर्व कुटुंबं मंगळवारी कुठे असतात?

तिसरी पायरी : हिशेब

मार्केटिंगचा शिक्षक गणित टाळतो आणि मुलाखतीत विद्यार्थी तिथेच अडकतो. फळ्यावरच्या आकड्यांवर परत या.

आठवड्यात विकायला उपलब्ध खोल्या ४० गुणिले ७, म्हणजे २८०. विकल्या ७२ अधिक १००, म्हणजे १७२. ऑक्युपन्सी ६१.४ टक्के. उत्पन्न ३,४५,६०० अधिक २,८०,०००, म्हणजे ६,२५,६०० रुपये. एडीआर, म्हणजे विकलेल्या खोलीमागे सरासरी दर, ३,६३७ रुपये. रेव्हपार, म्हणजे उपलब्ध खोलीमागे उत्पन्न, २,२३४ रुपये.

चुका दोन प्रकारच्या होतात. काही जण ४,८०० आणि २,८०० यांची सरळ सरासरी काढून ३,८०० लिहितात. थोडे हुशार सात दिवसांच्या दरांची सरासरी काढून ३,३७१ लिहितात. दोन्ही चूक, कारण एडीआरचा छेद म्हणजे विकलेल्या खोल्या, आणि त्या रोज बदलतात. रेव्हपारचं मात्र रोजचं काढून सातने भागलं तरी २,२३४ च येतं, कारण तिथे छेद रोज ४० च आहे. हा फरक ज्याला सांगता आला त्याला सूत्र पाठ करायची गरज नाही.

मग प्रश्न फिरवा. मंगळवारचा दर २,८०० वरून २,४०० केला आणि २० ऐवजी २३ खोल्या गेल्या तर? उत्पन्न ५६,००० वरून ५५,२०० वर येतं, आणि तीन जास्त खोल्यांची धुलाई, साबण, वीज, नाश्ता वेगळाच. २४ खोल्या गेल्या तर ५७,६००, म्हणजे वरचे १,६०० रुपये चार खोल्यांच्या खर्चात संपायची शक्यता. दर पाडणं हा पहिला उपाय नाही, हे मुलांना स्वतः मोजू द्या.

ओटीएचा तास

मेकमायट्रिप, गोआयबीबो, बुकिंग डॉट कॉम, अगोडा ही नावं विद्यार्थ्यांना ग्राहक म्हणून माहीत असतात. हॉटेलच्या बाजूने हिशेब कधी पाहिलेला नसतो. एक नमुना करार धरा: कमिशन १८ टक्के. (प्रत्यक्ष टक्का करारानुसार बदलतो, कमिशन करपूर्व रकमेवर की करासह, हेही करारातच पाहायचं.)

४,८०० च्या खोलीवर कमिशन ८६४ रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी १५५.५२. हॉटेलच्या हातात ३,७८०.४८. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट न घेता. त्यामुळे कमिशनवरचा तो जीएसटी परत वळता करता येत नाही, तो खर्चच धरायचा. ७,५०० च्या वरच्या खोलीवर कर १८ टक्के आहे आणि क्रेडिट मिळतं. जुन्या नोट्समध्ये १२ टक्के लिहिलेलं असेल तर आधी ते खोडा.

आता तीच खोली फोनवर थेट दहा टक्के सवलतीने ४,३२० ला दिली, पेमेंट गेटवेचे दोन टक्के गेले, तरी ४,२३० च्या वर राहतात. एवढ्यावर वर्ग ठरवून टाकतो की ओटीए बंद करावं. तिथे थांबवा. मुंबईतल्या माणसाला तुमच्या हॉटेलचं नाव कळलं कुठून? ओटीएवर पाहून फोन करणारा पाहुणा हा त्या कमिशनमधूनच आलेला असतो. पहिल्या मुक्कामाला कमिशन द्यायचं आणि दुसरा मुक्काम थेट आणायचा. त्यासाठी चेक-इनला नंबर घेणं, चेक-आउटला कार्ड देणं ही फ्रंट ऑफिसची कामं आहेत. मार्केटिंग आणि फ्रंट ऑफिसचे शिक्षक मिळून हा तास घेतील तर फारच बरं.

दरसमानतेची अटही इथेच शिकवा. स्वतःच्या वेबसाइटवर ओटीएपेक्षा कमी दर लावायचा नाही, असं करारात असू शकतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबीबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात या अटी हा मोठा मुद्दा होता. व्यवहारात हॉटेलं दर तोच ठेवून थेट पाहुण्याला नाश्ता किंवा उशिरा चेक-आउट देतात.

वायनरीची भेट

नाशिकच्या कॉलेजची ही हक्काची प्रयोगशाळा, आणि बहुतेक वेळा सहलीसारखी वाया घालवलेली. जानेवारी ते मार्च तोडणीच्या दिवसांत जा, पण मंगळवार-बुधवारी. शनिवारी तिथल्या माणसांना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

महाराष्ट्रात वाइन पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे. दुसऱ्या वर्षाची मुलं १९-२० ची असतात. टेस्टिंग त्यांच्यासाठी नाही, हे पालकांच्या संमतीपत्रातच लिहा आणि वायनरीलाही आधी कळवा. गंधाची भाषा मात्र वर्गात शिकवता येते. झाकणाच्या आठ बरण्यांत पेरू, लिंबाची साल, हिरवी ढोबळी मिरची, काळी मिरी, लवंग, जांभूळ, मध, ओली माती ठेवा. डोळे बांधून ओळखायला लावा. ढोबळी मिरची सोव्हिन्यों ब्लांक या वाइनशी आणि मिरी शिराझ या वाइनशी जोडून द्या. एक थेंबही लागत नाही.

मार्केटिंगचा धडा असा: टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून द्राक्षबागेत बोलावणं हीच जाहिरात होते. सुला ही वाइन कंपनी १९९९ ची, तिची टेस्टिंग रूम २००५ ची आणि सुलाफेस्ट हा तिचा संगीत महोत्सव २००८ पासूनचा. बाटली विकणारी कंपनी खोल्या आणि जेवण का विकू लागली, हा प्रश्न घेऊनच बसमध्ये बसा.

तिथे गेल्यावर प्रत्येक गटाला एकच काम. एका गटाने प्रवेशापासून टेस्टिंग काउंटरपर्यंतच्या थांबण्याचा वेळ घड्याळ लावून मोजायचा, दुसऱ्याने पाट्यांची भाषा टिपायची, तिसऱ्याने बाहेर पडण्याची वाट दुकानातून जाते का ते पाहायचं. ‘निरीक्षण करा’ एवढंच सांगितलं तर चाळीस सेल्फी हाती येतात.

दरनोंद : संशोधनाची पहिली पायरी

नव्या शिक्षकाची तक्रार असते की हॉटेलं आकडे देत नाहीत. बरोबर आहे, हॉटेलच्या जनरल मॅनेजरने ऑक्युपन्सी का द्यावी? जे उघड्यावर आहे, म्हणजे ओटीएवर दिसणारे दर, त्यापासून सुरुवात करा.

१२ हॉटेलं निवडा: चार गंगापूर रोडची, चार शहरातली, चार त्र्यंबक रोडची. दर आठवड्याला दोन मुक्काम-तारखा धरा, मंगळवार आणि शनिवार. प्रत्येक तारखेचा दर ३०, १५, ७ आणि १ दिवस आधी पाहायचा. सहा आठवड्यांच्या तारखा घेतल्या की १२ गुणिले २ गुणिले ४ गुणिले ६, म्हणजे ५७६ नोंदी. सहा विद्यार्थ्यांना दोन-दोन हॉटेलं दिली तर प्रत्येकाला ९६. नऊ-दहा आठवड्यांत काम संपतं.

रकाने: पाहिल्याची तारीख आणि वेळ, मुक्कामाची तारीख, हॉटेलचा सांकेतिक क्रमांक, खोलीचा प्रकार, प्लॅन, करपूर्व दर, रद्द करण्याच्या अटी, शेरा.

बिघडतं ते असं. एक जण ॲपवर पाहतो, दुसरा लॅपटॉपवर, आणि ॲपचा दर कमी निघतो. लॉग-इन असलेल्याला सभासद दर दिसतो. ईपी म्हणजे फक्त खोली आणि सीपी म्हणजे नाश्त्यासह. हे दोन मिसळले की सगळी तुलना गेली. कुणी करासह दर लिहितं. आणि ‘सोल्ड आउट’ दिसलं की रकाना रिकामा सोडतात किंवा शून्य टाकतात. शून्य टाकलंत तर सरासरी कोसळते. रिकामं सोडलंत तर नोंद राहिली की खोली संपली ते कळत नाही. त्यासाठी वेगळं चिन्ह ठरवा. सगळ्यांनी एकाच वेळी, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, दोन प्रौढांसाठीच दर पाहायचा.

यानंतर हॉटेलकडे गेलात तर दार उघडायची शक्यता वाढते, कारण तुमच्या हातात त्यांनाही बघावंसं वाटेल असं काहीतरी असतं. तेव्हाही थेट आकडे मागू नका. जानेवारीला १०० धरून बाकीचे महिने त्या प्रमाणात द्या, असं म्हणा. कल कळतो, गुपित राहतं. पत्र प्राचार्यांच्या सहीचं, हॉटेलचं नाव छापणार नाही हे त्यात स्पष्ट.

पाहुण्यांची प्रश्नावली

सर्व्हक्वाल ही सेवेचा दर्जा मोजणारी १९८८ ची मोजपट्टी प्रबंधांत सर्वाधिक दिसते. विश्वासार्हता, तत्परता, भरवसा, आपुलकी आणि दृश्य बाजू असे पाच पैलू, २२ विधानं. पण ती अपेक्षा आणि अनुभव अशी दोनदा विचारायची, म्हणजे ४४ उत्तरं. टॅक्सी खाली उभी असलेला पाहुणा ४४ उत्तरं देत नाही. सगळीकडे ‘चार’वर खूण करून मोकळा होतो. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये फक्त अनुभव मोजणारी सर्व्हपर्फ मांडली, ती २२ विधानांत भागते. सुरुवातीला तीच घ्या.

प्रश्नावली चेक-आउटला देऊ नका, नाश्त्यानंतर चहा घेताना द्या. रिसेप्शनिस्टच्या हातून तर मुळीच नको, तिच्यासमोर तिच्याविषयी कुणी खरं लिहीत नाही. इंग्रजीवरून मराठी-हिंदी केलं की दुसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत आणवा आणि मूळाशी ताडून पाहा. आधी तीस जणांवर चाचणी. क्रोनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या खाली आला तर शब्दरचना तपासा. उलट अर्थाच्या विधानाचे गुण फिरवायचे राहिले, हे कारण फार वेळा निघतं.

नमुना किती, हा प्रश्न विद्यार्थी ‘शंभर’ म्हणून संपवतात. का शंभर, याला उत्तर नसतं. ३८४ हा आकडाही तसाच उचलला जातो. तो ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक आणि यादृच्छिक निवड गृहीत धरून येतो. भेटेल त्याला विचारलं असेल तर ३८४ लिहिल्याने निवड यादृच्छिक होत नाही. १२० पाहुणे घ्या, पण निम्मे मंगळवार-बुधवारचे आणि निम्मे शनिवार-रविवारचे, आणि कसे निवडले ते सरळ लिहा. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून गोळा केलेले ‘हॉटेलचे पाहुणे’ मात्र पाहताक्षणी परत करा.

प्रकल्पाचं शीर्षक वाचूनच काम कसं होणार ते कळतं. ‘नाशिकमधील हॉटेल उद्योगाचा अभ्यास’ नाकारा. ‘त्र्यंबक रोडवरच्या चार हॉटेलांत आठवड्यातल्या दिवसांचं बुकिंग कोणत्या मार्गाने येतं’ हे एका सत्रात होतं.

नेट आणि पीएचडी, थोडक्यात

नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेसाठी व्यवस्थापन (१७) किंवा पर्यटन प्रशासन आणि व्यवस्थापन (९३) यांतला विषय आपल्या पदव्युत्तर पदवीशी जुळेल तो घ्या. दोन्ही पेपर मिळून तीन तास, ३०० गुण. पीएचडी २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षांची, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. विषय ठरवण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच शब्दांनी शोध घ्या. ‘सेवा गुणवत्ता आणि ग्राहक समाधान’ या जोडीवर आधीच ढीग आहे. प्रबंधाचं इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत लागतं. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखणं आता तुमच्यावर. आठ दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्क मागणारं पत्र आलं की समजून जा.

सिंहस्थाच्या आधीचे आकडे

मागचा सिंहस्थ २०१५ ला झाला, पुढच्याच्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. पर्वणीचे दर टिपायला तेव्हा सगळेच धावतील. पण तुलनेला त्याआधीचा साधा मंगळवार लागतो, आणि तो नंतर मिळत नाही. ओटीए गेल्या वर्षीचा दर दाखवत नाही. म्हणून वरची दरनोंद एका बॅचपुरती न ठेवता दर सत्रात त्याच १२ हॉटेलांवर, त्याच रकान्यांत चालू ठेवा. एखादं हॉटेल बंद पडलं किंवा नाव बदललं तर त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, तेरावा उघडा. फाइल विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर नको, विभागाच्या खात्यावर ठेवा. बॅच बाहेर पडायच्या आत नव्या बॅचमधले दोघे जुन्यांशेजारी बसून एक आठवडा नोंदी करतात, एवढी सोय वेळापत्रकात आधीच करून ठेवावी लागते.